उजव्या कानाचा अंदाज

आमच्या बाथरूमच्या भिंतीला वर्षभर भोक होतं. चांगला कोपरापर्यंत हात जाईल एवढं. ते यांनी स्वतः पाडलं, एका रविवारी सकाळी, माझा चहा उकळायच्या आत. म्हणाले, भिंतीत गळती आहे, बारीक आहे पण आहे, तीन दिवस ऐकतोय. चार टाइल्स फुटल्या, घरभर धूळ झाली, आणि आतला पाइप कोरडाठाक. मग म्हणाले, वरच्या अंगाला असेल. आणखी दोन टाइल्स गेल्या. तिथेही कोरडं. मी झाडू आणला आणि गुपचूप केर काढला.

दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याने हे केलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण हे गळती ऐकणारे. पाणी खात्यात सव्वीस वर्षं यांनी दुसरं काही केलं नाही. लोखंडाची एक लांब दांडी, तिच्या वरच्या टोकाला पितळेची वाटी. दांडी रस्त्यावर नाहीतर व्हॉल्व्हवर टेकवायची, वाटी उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. खाली पाइप फुटला असेल तर पाणी फुसफुसतं. तो आवाज जिथे सगळ्यात मोठा, तिथे खडूने फुली. मग मुकादमाची माणसं कुदळी घेऊन त्या फुलीवर उतरतात. फुली बरोबर असली तर दुपारपर्यंत काम उरकतं. चुकली तर माणसं दिवसभर घाम गाळतात, रस्ता फुकट फुटतो आणि पाणी वाहायचं ते वाहतच राहतं.

यांची फुली चुकत नसे. खात्यात यांना कानसेन म्हणत, तोंडावरसुद्धा. नवीन माणसं शिकायला आली की यांचं एकच सांगणं असायचं, की ऐकू येत नसेल तर येत नाही म्हणा आणि घरी जा, पण अंदाजाने फुली मारू नका. घरी आल्यावरही तो कान काही कपाटात ठेवला जात नसे. मी पडद्यांच्या दुकानासाठी घरबसल्या शिलाई करते. हे शेजारच्या खोलीत पेपर वाचता वाचता सांगायचे, मशीनला तेल दे, दोऱ्याच्या बाजूला रडतंय. आणि खरंच तिथेच कोरडं पडलेलं असायचं. कधीकधी मला याचा रागही यायचा. बाईमाणसाने एक उसासा टाकायचा म्हटला तरी या घरात चोरी.

त्यामुळे भिंत फोडली तेव्हा मला वाटलं, असेल बाई कुठेतरी गळती, आपल्याला काय कळतंय.

बाकीच्या गोष्टी नंतर एकेक करून जुळल्या. लेकीचा फोन आला की हे तो उजव्या कानावरून डाव्या कानावर न्यायला लागले. जेवताना जागा बदलून माझ्या दुसऱ्या बाजूला बसायला लागले. मी काहीही विचारलं की हं, हं. एकदा म्हटलं, दूध संपलंय, तर हं. म्हटलं, मी उद्यापासून घर सोडून चालले, तरी हं. मी मनावर घेतलं नाही. तीस वर्षांच्या संसारात नवरा ऐकत नाही यात नवल ते काय.

मग मुकादम घरी आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. "वहिनी, दादांना बरं नाही का?" त्याने हळूच विचारलं. "का रे?" "काही नाही. महिनाभरात दोन खड्डे कोरडे निघाले. माणसं कुरकुरतात. म्हणजे दादांना कोण काय बोलणार, पण..." एवढं बोलून तो गेला. सव्वीस वर्षांत एक कोरडा खड्डा नाही, आणि महिन्यात दोन. त्या आठवड्यातच हे जिन्यावर तोल जाऊन चार पायऱ्या घसरले, म्हणून एकदाचे डॉक्टरकडे आले. एरवी नसते आले.

गाठ निघाली. उजव्या कानातून मेंदूकडे जी ऐकण्याची आणि तोल सांभाळायची नस जाते, तिच्यावर. साधी गाठ, कॅन्सर नाही, असं सर्जनने पहिल्याच वाक्यात सांगितलं, त्याबद्दल मी त्याचे मनातल्या मनात पाय धरले. यांना येणारा फुसफुस आवाज भिंतीतला नव्हताच. तो त्या नसेचा होता. आपल्याच डोक्यातली गळती शोधायला या माणसाने घर फोडलं होतं. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हीसाठी अंगात त्राण नव्हतं.

सर्जन म्हणाला, सहा महिने वाट पाहू, कित्येकदा वाढत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला, तर ती तीन मिलिमीटरने वाढली होती. किरणांनी जाळायचाही उपाय त्याने सांगितला, पण त्यातही कान राहीलच असं कोणी लिहून देत नव्हतं, आणि यांना गाठ डोक्यात ठेवून जगायचं नव्हतं. मग ऑपरेशनसाठी सगळ्या तपासण्या नव्याने झाल्या. कानाची तपासणी तळमजल्यावरच्या खोलीत. तिथल्या बाई यांना चांगल्या ओळखत होत्या. खात्याची माणसं दरवर्षी तिथेच कान तपासून घ्यायला जात, आणि तो दाखला असल्याशिवाय हातात दांडी मिळत नसे.

"आता तर महिन्यापूर्वीच येऊन गेलात," बाई म्हणाल्या. आधी शिट्ट्या ऐकू आल्या की बटण दाबायचं, मग हेडफोनमधून येणारे पंचवीस शब्द परत म्हणून दाखवायचे. पंचविसातले तेवीस बरोबर आले. दुसऱ्या दिवशी कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवून आणखी एक तपासणी झाली. तिच्यात काही बोलायचं नसतं, डोळे मिटून पडून राहायचं. कानात टकटक वाजतं आणि ते मेंदूपर्यंत किती वेळात पोचतं ते मशीन लिहून घेतं.

सर्जनने सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले. वयाने आमच्या लेकीएवढाच असेल, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. त्याने कागदावर डोक्याचं चित्र काढलं. म्हणाला, दोन वाटा आहेत. एक मागून. ती कान वाचवायची वाट. वेळ जास्त लागतो, आणि चेहरा हलवणारी नस तिथेच चिकटून असते, तिला धोका थोडा अधिक. ती दुखावली तर अर्धा चेहरा ओघळतो, डोळा मिटत नाही. दुसरी वाट आतल्या कानातूनच सरळ. त्या वाटेने ऐकणं नक्की जातं, पण चेहऱ्याची नस आधीच दिसते आणि सांभाळता येते.

"कान राहील का, एवढं सांगा," हे म्हणाले.

"नक्की कोणीच सांगू शकत नाही. अंदाज सांगता येतो. गाठ केवढी, आतल्या टोकाशी जागा किती मोकळी, आणि आज ऐकू किती चांगलं येतं, यावरून. तुमच्यासारखी शंभर माणसं धरा. त्यातल्या साठांचं कामापुरतं ऐकणं राहतं."

"आणि चाळिसांचं?" मी विचारलं.

"जातं."

हे खुर्चीत सरळ बसले. साठ म्हणजे यांच्या दृष्टीने पासच. सर्जन मात्र तारांचा रिपोर्ट हातात घेऊन बसला होता. "एकच कोडं आहे," तो म्हणाला. "टकटकीची मेंदूपर्यंत पोचणारी ही लाट फार उशिरा येते आणि विस्कटलेली आहे. असं असताना शब्द इतके छान ऐकू येणं क्वचित दिसतं. पण शब्द चांगले आहेत, म्हणून मी मागूनच जाईन." मी यांच्याकडे पाहिलं. यांनी खिडकीकडे पाहिलं. हा माणूस छतावरचा पंखा ऐकून त्याचं कुठलं पातं वाकलंय ते सांगतो, आणि आज खिडकीतून बाहेर बघतोय. मला तेव्हाच वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

ऑपरेशनला नऊ दिवस उरले होते. मी सकाळी मशीनवर बसले होते, सुईत दोरा ओवत होते म्हणून मशीन बंद होतं. बाथरूमच्या पलीकडे माझी शिलाईची खोली. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला ते यांनीच पाडून दिले होते. हे आत दाढी करत होते आणि पुटपुटत होते.

"पान, दार, काच, मीठ, बोट, रान, तेल, चाक, ढग..." मग थांबले. "ढग चुकवायचा. घर, वीट, साल, नख..."

मी दोरा ओवला. मग सुई ठेवली आणि तिथेच बसून राहिले. मला सगळं कळायला मिनिटभरही लागलं नाही. दरवर्षी तीच बाई, तोच पिवळा पडलेला कागद, तेच पंचवीस शब्द त्याच क्रमाने. ज्याने सव्वीस वर्षं कानाने भाकरी कमावली त्याला एवढं पाठ करायला किती वेळ लागणार. आणि संशय नको म्हणून दरवर्षी दोन शब्द मुद्दाम चुकवायचे.

हे तोंड पुसत बाहेर आले. मी म्हटलं, "अहो, ढग का चुकवायचा?"

हे पाटावर बसतात तसे दारातच खाली बसले. "किती वर्षं चाललंय?" मी विचारलं.

"तीन."

"आणि शिट्ट्या?"

"बाई ठरावीक वेळाने दाबतात. काचेत त्यांचा खांदा हलतो तो दिसतो."

"खरं किती ऐकू येतं?"

यांनी हातातल्या टॉवेलची घडी घातली. "आवाज येतो," मग म्हणाले. "शब्द येत नाहीत. ओल्या कागदावर लिहिल्यासारखे सगळे पसरतात."

मी म्हटलं, "डॉक्टरला सांगा." त्यावर ज्या माणसाने मला कधी आवाज चढवून उत्तर दिलं नाही तो उसळला. "सांगितलं तर तो कान टाकूनच देईल. ऐकलंस ना तू? शब्द चांगले आहेत म्हणून मागून जातोय. खरं कळलं की सरळ आतून जाणार आणि सगळं खरवडून काढणार. थोडा तरी आहे तो कान. त्याला एक संधी देऊ दे."

"आणि तोंड वाकडं झालं तर?"

"होऊ दे. तोंडाने कुठे गळती ऐकायचीय?"

मला राग आला, खूप आला. तीन वर्षं मी या माणसाशी बोलत होते आणि हा हं, हं करत होता. मी माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलले होते ते यांनी ऐकलं होतं का, कोण जाणे. आणि त्याच वेळी त्यांच्या केसांना अजून दाढीचा फेस लागलेला होता, तोही मला बघवेना. मी इतकी दमले होते की भांडायलाही उठले नाही. बसल्या जागेवरूनच बोलले.

"त्या मुलाच्या हातात कुदळ आहे. तुम्ही त्याला तुमच्या डोक्यावर अंदाजाने फुली मारून दिलीय. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्याला तुम्ही खात्यात उभं केलं असतं का?"

हे उठले आणि कामावर गेले. दोन दिवस घरात फक्त मशीन बोललं. तिसऱ्या दिवशी बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाले, "चल. एकट्याने जायला नको वाटतं."

तळमजल्यावरच्या बाईंना यांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, यादी म्हणूनही दाखवली, ढगासकट. बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "यादी बदलायची असते. दिवसाला चाळीस कान तपासते मी. हाताला येईल तो कागद उचलते." त्यांनी खणात तळाशी हात घालून दुसरा कागद काढला. त्याच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या.

हे काचेच्या खोलीत गेले, आणि आत गेल्यावर खुर्ची स्वतःच फिरवून काचेकडे पाठ करून बसले. मी बाईंच्या शेजारी स्टुलावर. बाई शब्द म्हणत होत्या, मला ते स्वच्छ ऐकू येत होते, आणि आतून यांचा आवाज छोट्या स्पीकरमधून येत होता.

"वाट."

"वाट."

"सूत."

यांची पाठ थोडी पुढे झुकली. "नाही कळलं."

"फळ."

"... नाही कळलं."

हा शब्द मी यांच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता. हिशेब असो, नकाशा असो, माणसाचं बोलणं असो, यांना कळलं नाही असं काही नसायचंच. चौदा वेळा म्हणाले. शेवटी शेवटी आवाज नुसता दमलेला, सरळ. शब्द संपले तरी हे तसेच पाठ करून बसून राहिले, कारण संपले हे त्यांना कळलंच नव्हतं. बाईंनी माइक खाली ठेवला आणि दार उघडून आत गेल्या.

पंचविसातले अकरा. सर्जनने नवा कागद तारांच्या रिपोर्टशेजारी ठेवला. चिडेल असं वाटलं होतं, चिडला नाही. "आता दोन्ही जुळतंय," एवढंच म्हणाला. मग चष्मा काढून डोळे चोळले. "निम्म्याच्या खाली गेलं की ते कामाचं ऐकणं धरत नाही आम्ही. आता साठ म्हणता येणार नाही. शंभरातली दहा माणसं. फार तर पंधरा. तरीही मागून जा म्हणालात तर जाईन, पण मला विचाराल तर चेहरा सांभाळावा."

हे कागदावरच्या चित्राकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील की जा मागून. मीही म्हणणार होते, जाऊ द्या मागून. त्या क्षणी मलाच तो कान हवासा वाटला. मशीनचं रडणं ऐकणारा, माझे उसासे पकडणारा.

"पंधरावर आम्ही रस्ता फोडत नाही, डॉक्टर," हे म्हणाले, आणि सहीसाठी पेन मागितलं.

ऑपरेशनच्या सकाळी यांनी मला खाटेच्या उजव्या बाजूला बोलावलं. "या कानात काहीतरी बोल. शेवटचं." सिनेमात लोकांना अशा वेळी काय काय सुचतं. मला काही सुचेना. रात्रीची झोप नव्हती, पाठ दुखत होती. मी वाकले आणि म्हटलं, "बाथरूमची भिंत बुजवायची राहिलीय."

पूर्वी हं म्हणाले असते. आता म्हणाले, "नाही कळलं. परत बोल." मी परत बोलले. "भिंत एवढं कळलं. पुढचं?" तिसऱ्यांदा बोलताना माझा आवाज फुटला, पण तेव्हा त्यांना कळलं. "बुजवतो," म्हणाले. मग खाट ढकलणारी माणसं आली.

कान गेला. चेहरा राहिला, दोन्ही बाजूंनी सारखा हसतो. बरे होऊन परत गेल्यावर खात्याने यांना आधी कागदांच्या टेबलावर बसवलं. आता हे आठवड्यातून दोनदा डाव्या कानाने दांडी लावायला जातात, आणि ठामपणे कळलं नाही तर फुली न मारता परत येतात. मुकादम म्हणतो, दादा आता वेळ फार लावतात, पण खड्डा कोरडा निघत नाही. फुसफुस मात्र थांबली नाही. सर्जनने सांगितलंच होतं, कान गेला तरी तो आवाज राहू शकतो. उजवीकडे दिवसरात्र पाणी वाहतंय आणि ते बंद करायला व्हॉल्व्ह नाही, असं हे म्हणतात.

दोन महिन्यांपूर्वी यांनी भिंत बुजवायला घेतली. सिमेंट कालवलं, सहा टाइल्स ओळीने मांडल्या, आणि मग आत जाऊन दांडी घेऊन आले. मला वाटलं, झालं, पुन्हा फोडणार. पण यांनी दांडीचं टोक भोकातल्या पाइपवर टेकवलं आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"तू ऐक," म्हणाले. "मी ऐकलं की आतलं पाणी मध्ये येतं. मला सांगता येत नाही."

सव्वीस वर्षांत त्या दांडीला मी कधी हात लावला नव्हता. पितळ गार होतं. मी कान लावला. आधी माझाच श्वास ऐकू आला, मग वरच्या मजल्यावर कोणाचं तरी भांडं, मग तेही गेलं.

"काही नाही," मी म्हटलं.

"नक्की? अंदाजाने नको सांगू."

मी डोळे मिटले आणि पुन्हा ऐकलं, अगदी सावकाश, यांचा गुडघा दुखायला लागेपर्यंत. भिंत कोरडी होती. तसं मी सांगितलं, आणि यांनी पहिली टाइल बसवली.